टोपीतली लाल भुकटी

गाडीचा जीव डिस्ट्रिब्युटरमध्ये असतो. इंजिन हे शरीर, पेट्रोल हे अन्न, बॅटरी हे बळ. पण जीव म्हणाल तर तो त्या काळ्या टोपीखाली, वाटीएवढ्या जागेत.

हे वाक्य मी यवतमाळात आर्णी रोडवरच्या माझ्या दुकानात चाळीस वर्षं ऐकवलं. त्यात तत्त्वज्ञान कमी आणि सोय जास्त होती. टोपी काढली की निम्म्या वेळा दोष तिथेच सापडायचा. उरलेल्या निम्म्या वेळा गिऱ्हाईक या वाक्याने एवढं भारावलेलं असायचं, की दोष दुसरीकडे शोधायला मला वेळ मिळायचा. या वाक्याने माझं कधी नुकसान झालं नाही. दुसऱ्या एका माणसाचं झालं. ते सांगायचं म्हणून हा लेख.

ज्यांच्या गाड्या आता कॉम्प्युटरवर चालतात त्यांच्यासाठी आधी थोडा खुलासा. जुन्या पेट्रोल गाडीत सिलिंडर चार आणि ठिणगी देणारी कॉइल एक. ती ठिणगी चौघांना पाळीपाळीने वाटतो तो डिस्ट्रिब्युटर. पंगतीत एकच वाढपी असावा तसा. फरक एवढाच, की हा वाढपी पहिल्याला वाढतो, मग तिसऱ्याला, मग चौथ्याला, आणि दुसऱ्याला सर्वांत शेवटी. लग्नात असं केलं तर सोयरीक मोडेल. इंजिन मात्र याच क्रमाने चालतं. वर टोपी, तिच्या आत पितळेचे चार खुंट, मधोमध गरगर फिरणारा रोटर, आणि खाली पॉइंट, म्हणजे उघडझाप करणारे दोन इवलेसे दात. दातांमधली फट काडीपेटीच्या पुठ्ठ्याएवढी हवी. पुढे काडीपेट्यांचा पुठ्ठा पातळ झाला. मी लग्नपत्रिका वापरून पाहिल्या. पण लोकांची ऐपत वाढो न वाढो, पत्रिका दरवर्षी जाड होत गेल्या आणि मापाच्या कामातून बाद झाल्या.

या टोपीचे शत्रू तीन: पाणी, धूळ आणि मालकाचा उत्साह. पहिल्या दोघांवर इलाज आहे. एका पुढाऱ्याने वाढदिवसाच्या मिरवणुकीआधी गाडीचं इंजिन पाण्याच्या फवाऱ्याने धुऊन घेतलं होतं. मिरवणूक निघाली ती कार्यकर्त्यांच्या खांद्याच्या जोरावर. दुसऱ्या दिवशी त्यांनी जनतेच्या प्रेमावर भाषण केलं. एका डॉक्टरांनी पाण्याच्या भीतीने टोपीला तुरीच्या डाळीची प्लॅस्टिकची पिशवी करकचून बांधली. आत घाम धरला आणि गाडी उन्हाळ्यातही बंद पडू लागली. "रोग्याला श्वास घेऊ द्या, डॉक्टर," मी म्हणालो. ते हसले नाहीत.

आता काळीकडे येतो.

काळी ही बाभुळगावच्या प्रभाकररावांची विलायती गाडी. घरची जिनिंग फॅक्टरी, शेती चौफेर. आजोबांनी ही गाडी देश सोडून जाणाऱ्या एका इंग्रज साहेबाकडून घेतली, असं घरात सांगत. आमच्या भागातल्या प्रत्येक जुन्या गाडीमागे असा एक जाणारा साहेब असतो. जिल्ह्यात एवढे साहेब होते कधी, हे मला उलगडलेलं नाही. पण गाडी खरोखर देखणी होती. आणि ती चालत होती, याचं श्रेय साहेबाला नव्हतं, प्रभाकररावांना नव्हतं, पुष्कळसं मलाही नव्हतं. ते गफूरचाचांचं होतं.

गफूरचाचा काळीचे ड्रायव्हर. माझ्याहून बारा-पंधरा वर्षांनी मोठे. खिशात कायम एक कोरडा पांढरा रुमाल, तो तोंड पुसायचा नव्हे, टोपी पुसायचा. डिस्ट्रिब्युटरच्या मधल्या शाफ्टला तेल लागतं, पण किती, हे कोणत्याही पुस्तकाने मला नीट सांगितलं नव्हतं. ते चाचांनी दाखवलं. सायकलच्या चाकाची एक तार तेलात बुडवायची, उभी धरायची आणि टोकाला जो थेंब लोंबेल तेवढाच सोडायचा.

"एक थेंब जान आहे भाऊ," ते म्हणायचे, "दुसरा थेंब दुश्मन."

कोरडा राहिला तर शाफ्ट घासून लाल गंजाची भुकटी पडते. जास्त झालं तर तेल पॉइंटवर उडून ठिणगी मरते. हे मी नंतर शंभर जणांना शिकवलं. कोणाकडून शिकलो, ते त्यांतल्या फार थोड्यांना सांगितलं.

प्रभाकररावांच्या आई, म्हणजे माई, दसऱ्याला काळीची पूजा करत. आमच्याकडे त्या दिवशी हत्यारांची, यंत्रांची, गाड्यांची पूजा असतेच. पूजा झाली की काळी माई आणि सोन्याची, म्हणजे आपट्याच्या पानांची टोपली घेऊन वेशीबाहेर जायची, आणि तिने शीव ओलांडल्यावर गाव सोनं लुटायचं. माई कुंकू लावायच्या ते बॉनेटवर. एकदा मी टोपी काढून काम करत होतो, तेव्हा त्या जवळ येऊन उभ्या राहिल्या.

"काहो मिस्त्री, याच्यातला देव कोणता म्हणा?"

मी हातातला रोटर उचलून आपलं नेहमीचं वाक्य म्हटलं. वर जोडून दिलं, "हे बंद, तं गाडी म्हणजे मढं, माई."

माईंनी त्या वाटीकडे हात जोडले. माझं वाक्य एवढ्या मनापासून आजवर कोणी ऐकलं नव्हतं. मी खूश झालो आणि विसरून गेलो.

त्यानंतर काही वर्षांनी प्रभाकरराव नागपूरला जुन्या गाड्यांचं एक प्रदर्शन पाहून आले. तिथे ड्रायव्हरांच्या हातात पांढरे मोजे होते, हे त्यांच्या मनात भरलं. त्या दसऱ्याला त्यांनी नागपूरचे दोन पाहुणे बोलावले, काळीला पितळी पाटी लावली आणि चाचांना लाल फेटा, बंद गळ्याचा कोट आणि पांढरे मोजे चढवले. मलाही बोलावलं होतं. माझं काम टाळ्या वाजवण्याचं.

मी पोचलो तेव्हा पूजा आटोपली होती. चाचा बॉनेटजवळ काहीतरी करायला वळत होते, तेवढ्यात प्रभाकरराव ओरडले, "गफूरमियाँ, इकडे उभे राहा, फोटो आहे." मग दुसरा फोटो. मग पाहुण्यांसोबत तिसरा. पाहुण्यांचं 'वारसा' या विषयावर चार शब्दांचं भाषण झालं; चार शब्द पाव तास चालले. मग लगेच ताशे, आणि निघालो.

काळी सुरू झाली ती खोकत. वेशीपर्यंत कशीबशी आली. पुढचं चाक शिवेच्या दगडापाशी आलं आणि ती मेली. ताशे थांबले. माणसं दोनशे तरी असतील. मागच्या सीटवर माई टोपली धरून बसलेल्या.

"मिस्त्री, पाहा ना काय झालं!" प्रभाकरराव घामाघूम झाले होते. "पाहुण्यांसमोर इज्जत चालली."

मी पुढे झालो. क्लिपा काढल्या, टोपी उचलली. रोटर बाजूला केला. आत, पॉइंटच्या आजूबाजूला सगळीकडे लाल भुकटी. मी बोट फिरवलं आणि ते बोट सगळ्यांना दिसेल असं वर धरलं.

"गंज आहे," मी म्हणालो. "शाफ्ट कोरडा पडला. वर्षभर कोणी तेलाचा थेंब टाकलेला नाही."

गर्दीतून कोणीतरी म्हणालं, "काहो चाचा, तेल मिशीलेच संपते का सारं?"

हशा पिकला. मीही हसलो.

चाचांनी आधी माझ्या बोटाकडे पाहिलं. मग माझ्या तोंडाकडे. मग मागच्या सीटकडे. आणि म्हणाले, "असन भाऊ. चुकलं असन."

मी कपड्याने आतलं सगळं पुसून काढलं, पॉइंट घासले, तारेच्या टोकाने एक थेंब तेल सोडलं. काळी पहिल्या झटक्यात चालू झाली. टाळ्या पडल्या. इलाज लागू पडला की निदानही बरोबर होतं असं माणसाला वाटतं. डॉक्टरांचंही असंच होतं.

"चाबी ठेवा, गफूरमियाँ," प्रभाकरराव म्हणाले.

चाचांनी एक मोजा काढला, दुसरा काढला, दोन्हींची नीट घडी करून बॉनेटवर ठेवली, त्यावर किल्ली ठेवली आणि गर्दीतून वाट काढत निघून गेले. पुढचं अंतर गाडी मी चालवली.

संध्याकाळी बायकोने दुकानातली फडकी धुवायला घेतली.

"आज पूजा गाडीची केली का पोतेऱ्याची?" ती म्हणाली. "एवढं कुंकू कायले सांडवलं याच्यावर?"

"गंज आहे तो."

"गंज?" तिने फडकं उजेडात धरलं. "तीस वर्षांपासून तुमचे गंज मीच धुऊन राह्यली."

मी पेपर वर घेतला. तिने पुन्हा विचारलं नाही. विचारलं असतं तर काय उत्तर दिलं असतं, हे मला तेव्हाही ठाऊक होतं, आणि म्हणूनच पेपर मी बराच वेळ वर धरून ठेवला.

पुढच्या दसऱ्याला काळी माझ्या ताब्यात होती. सकाळी माई ताट घेऊन आल्या आणि माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

"काढ बाप्पा टोपी."

"टोपी कायले, माई?"

"कायले म्हंजे? तूच तं सांगतलं, जीव तेथंच असते. तवापासून दरसाली तेथंच लावते मी. गफूर टोपी धरून उभा राहे." त्यांनी रोटरला हळद-कुंकू लावलं, टोपीतल्या चारही खुंटांना एकेक बोट टेकवलं, फुलाने पाणी शिंपडलं. मग हळूच म्हणाल्या, "माह्यी पाठ फिरली का तो रुमालानं पुसून घे. त्याले वाटे म्हातारीले दिसत नाही. पुसलं तं पुसलं, देवानं पाह्यलं ना! तूही पुसून घेजो."

त्या आत गेल्या. मी टोपी पुसली. कपडा लाल झाला. तोच लाल.

तेव्हाच माईंच्या मागे जाऊन सांगायला हवं होतं. बाहेर ताशा वाजत होता, प्रभाकरराव घाई करत होते, शिवाय सणाचा दिवस. न सांगायला कारणं शोधायची नसतात. ती आपणहून रांगेत येऊन उभी राहतात.

महिनाभराने मी राळेगावला गेलो. चाचा तिथे लेकीकडे राहायला आले होते आणि जावयाच्या शिवणयंत्रांच्या दुकानात बसत होते. मी गेलो तेव्हा ते एका यंत्राला तेल देत होते. सायकलची तार उभी धरलेली, टोकाला एक थेंब.

"चाचा, ते कुंकू होतं."

"हो." त्यांनी थेंब सोडला. "बैस."

"तुमाले माहीत होतं?"

"टोपी मीच तं धरली होती. पुसाले गेलो, तं फोटो. अन् हातात ते पांढरे मोजे. लाल झाले असते तं साहेब आणखी बोंबलले असते."

"मंग वेशीवर बोलले काहून नाही?"

चाचांनी तार बाजूला ठेवली. "काय बोलू? दसऱ्याचा दिवस, दोनशे माणसं, अन् गफूर म्हणते का माईच्या कुंकवानं गाडी बंद पडली? तू म्हणून पाह्य. तुह्यं नाव गफूर नाही, तुले जमन."

मी तेव्हा कुठे बसलो.

"मले वाटलं तुले दिसलं," ते म्हणाले. "तू शिकेल माणूस. दुकानात पुस्तकं ठेवतं. म्हटलं, हा हळूच पुसन अन् म्हणन, चाला, काही नाही. तू तं बोट वर करून भाषणच ठोकलं."

"मी सांगतो प्रभाकररावांना. आजच सांगतो."

"सांग. पण भाऊ, वेशीवर बोललं ते वेशीवरच सांगजो. घरात सांगतलेलं घरातच राह्यते." मग माझा चेहरा पाहून त्यांनीच मला सोडवलं. "घाई नाही. सांगजो कधी."

परतीच्या वाटेवर मी प्रभाकररावांकडे उतरलो आणि सगळं सांगितलं. त्यांनी चहा मागवला. "अरेरे," ते म्हणाले. "पण आता माईंच्या जिवाला कायले घोर लावता? आणि लोकांचं काय, कोणाच्या ध्यानात राहतं?" चहा चांगला होता. आरोप मी वेशीवर उभ्याने केला होता. त्याची दुरुस्ती खुर्चीत बसून, एका माणसासमोर, दोन घोटांत झाली. आणि मला हलकं वाटलं, हे कबूल केलं पाहिजे.

लोकांच्या ध्यानात राहिलं होतं. बाभुळगावात कोणाच्या सायकलची चेन किरकिरली, कोणाच्या दाराचं बिजागर वाजलं, की लोक म्हणायचे, "गफूरनं तेल देल्लं वाट्टे." पुढे पुढे ज्यांनी चाचांना पाहिलंही नव्हतं, तेही म्हणू लागले. चाळीस वर्षं ज्याच्या हाताने थेंबाचा हिशेब चुकला नाही, त्याच्या नावाने गावात ही म्हण उरली. ती माझ्यामुळे पडलेली.

त्यानंतर आठ दसरे आले. आठही वेळा मी टोपी काढून धरली, माईंनी कुंकू लावलं, त्यांची पाठ फिरली की मी रुमालाने पुसलं. आठही वेळा काळी अडखळल्याशिवाय शीव ओलांडून गेली. वेशीवर दरवर्षी दोनशे माणसं असायची, आणि मी दरवर्षी ठरवून जायचो. एकदा पाऊस होता. एकदा घसा बसला होता. बाकीच्या सहा वेळची कारणं आठवत नाहीत, पण ती चांगलीच असणार.

माई गेल्या. काळी दाराशी उभी राहिली, आणि मागच्या हिवाळ्यात प्रभाकररावांनी ती नागपूरकडच्या एका रिसॉर्टला देऊन टाकली. न्यायला मोठा ट्रक येणार होता. गल्लीत विजेच्या तारा खाली लोंबलेल्या, म्हणून ट्रक वेशीवरच थांबणार आणि काळीला तिथे न्यायचं, असं ठरलं.

'वेशीवर' हे ऐकलं आणि मी राळेगावला फोन केला.

"चाचा, काळी चालली. ट्रकवर तुम्ही चढवा."

"माह्ये डोळे गेले भाऊ, एकाचं ऑपरेशन झालं, एकाचं राह्यलं."

"फळ्यांवरून सरळ चढवायची, बस. आणि माह्यं एक काम राह्यलं तिथं."

"येतो," ते म्हणाले.

त्या सकाळी मी टोपी काढून आतून कोरड्या रुमालाने पुसली. पॉइंट पाहिले, फट मोजली, एक थेंब तेल सोडलं. काळी स्वतः चालवत वेशीवर नेऊन उभी केली आणि चाचांना घ्यायला एसटी स्टँडवर गेलो. एसटी तासभर उशिरा आली. चाचा वाकले होते, पण खिशात रुमाल होता.

वेशीवर मी माणसं मोजली. प्रभाकरराव, ट्रकवाला, त्याचे दोन हमाल, चहाटपरीवाला, त्याची तीन गिऱ्हाइकं, बस चुकलेली एक बाई आणि तिचा भाऊ. दहा. त्या दसऱ्याला हजर असलेले त्यांतले दोन असतील. पण जागा तीच होती, आणि मी पुन्हा कारण शोधलं नाही.

"ऐका," मी म्हणालो. आवाज गरजेपेक्षा मोठा निघाला. "त्या दसऱ्याले काळी एथंच बंद पडली, तवा मी म्हटलं का गफूरचाचानं तेल टाकलं नाही. ते खोटं होतं. तो गंज नव्हता, कुंकू होतं. अन् कुंकू लावाची जागा माईले मीच दाखवली होती. चाचाची काही चूक नव्हती. चूक माह्यी होती."

टपरीवाला म्हणाला, "कोणता दसरा?"

प्रभाकरराव जमिनीकडे पाहत होते. चाचांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "झालं ना? बस मंग. आता गाडी चढू दे."

ते स्टिअरिंगवर बसले. किल्ली फिरवली, बटण दाबलं. काळी पहिल्या झटक्यात चालू झाली, एकदम स्वच्छ आवाजात. चाचांनी माझ्याकडे पाहून मान हलवली. मला इतक्या वर्षांत प्रथमच मोकळं वाटलं. काळी पुढे सरकली, पुढची चाकं फळ्यांवर चढली, आणि एक उचकी देऊन ती बंद पडली.

चाचांनी पुन्हा बटण दाबलं. इंजिन फिरत होतं, पेटत नव्हतं. मी धावलो. बॉनेट उघडलं, क्लिपा काढल्या, टोपी उचलली. आत काहीच नव्हतं. चारही खुंट चकचकीत. रोटर कोरडा. पॉइंट उघडून पाहिले, ठीक. पॉइंटशेजारच्या कंडेन्सरची तार ओढून पाहिली, घट्ट. टोपी उन्हात धरून तडा शोधला, नव्हता. पुन्हा बसवली. पुन्हा बटण. काही नाही. पुन्हा काढली.

मागून टपरीवरचा एक जण दुसऱ्याला म्हणाला, "गफूरनं तेल देल्लं वाट्टे."

"भाऊ," चाचा सीटवरूनच म्हणाले, "टाकी पाह्यली का?"

मी एसटी स्टँडवर होतो तेव्हा ट्रकवाल्याने टाकी रिकामी करून घेतली होती. भरल्या टाकीची गाडी ट्रकवर चढवत नाहीत. नियम आहे तसा. कार्बोरेटरमध्ये उरलं होतं तेवढ्यावर ती अर्धा मिनिट चालली.

काळी आम्ही धक्का मारून चढवली. स्टिअरिंगवर चाचा होते. डिस्ट्रिब्युटर उत्तम स्थितीत होता.